‘रिस्पेक्टफुल रूम’चं काय करायचं? इंग्रजी विशेषणांच्या जुळ्या भावंडांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातली एक मुलगी कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला काम करते. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, पुढे बी. कॉम. बोलताना तिचं अडत नाही, पण लिहायला बसली की विशेषणांत पाय अडकतो. परवा तिने पाहुण्यांना पाठवायच्या मेलमध्ये लिहिलं, ‘अवर रिस्पेक्टेबल गेस्ट्स विल बी एस्कॉर्टेड टू देअर रिस्पेक्टफुल रूम्स.’ मॅनेजरने ते वाक्य सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं आणि सगळे हसले. ती विचारते, सारख्या दिसणाऱ्या विशेषणांची यादी दोनदा पाठ केली, तरी ऐन वेळी गोंधळ होतोच, याला काही युक्ती आहे का?

युक्ती आहे. पण आधी त्या हसण्याबद्दल. मी सत्तावीस वर्षं पणजीत भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका माहितीपत्रकात माझ्या नजरेखालून ‘लक्झुरिअंट रूम्स’ छापून गेलं. ‘लक्झुरिअस’ म्हणजे ऐषारामी. ‘लक्झुरिअंट’ म्हणजे दाट, रसरसून वाढलेलं, पावसाळ्यात कुंपणावर माजलेल्या वेलीसारखं. म्हणजे आम्ही पर्यटकांना रान माजलेल्या खोल्या देऊ केल्या होत्या. सगळ्या प्रती वाटूनही झाल्या. त्यामुळे तुमच्या ‘रिस्पेक्टफुल रूम्स’ना मी हसणार नाही. म्हणजे हसले, पण घरातल्या घरात.

आता यादीबद्दल. यादी पाठ करून फायदा होत नाही, उलट नुकसानच होतं. यादीत दोन सारखे शब्द शेजारी शेजारी मांडलेले असतात. जे शेजारी मांडलं ते डोक्यात एकत्रच जाऊन बसतं, आणि एकाला हाक मारली की दोघंही ओ देतात. वर्गात नवीन आलेल्या जुळ्या मुलांना आपण एकत्र उभं करून ओळखायला शिकत नाही. एक रोज कुणासोबत डबा खातो, दुसरा कुणासोबत खेळतो, यावरून ओळखतो. विशेषणांचंही तसंच आहे.

म्हणून गोंधळ झाला की पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा: इथे मराठीत शब्द एक आहे की दोन? मराठीत दोन असतील तर काम झालंच, कारण मराठीतल्या दोन शब्दांत तुम्ही जन्मात गोंधळ करणार नाही. मराठीत एकच असेल तरच खरी अडचण, आणि मग शाळेच्या व्याकरणातला ‘विशेष्य’ हा शब्द उपयोगी पडतो. विशेषण ज्या नामाबद्दल सांगतं ते विशेष्य. ती ओळख पक्की करायची.

तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करू. ‘रिस्पेक्ट’ला शब्दकोशात ‘आदर’ दिलेलं असतं, आणि मग त्याची सगळी पिल्लं आपल्याला आदराचीच वाटतात. ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे प्रतिष्ठित, चारचौघांत मान असलेला. ‘रिस्पेक्टफुल’ म्हणजे मान देणारा, अदबीने वागणारा. ‘रिस्पेक्टिव्ह’चा तर आदराशी काही संबंधच नाही, तो आपला साधा ‘आपापला’. मान असलेला, मान देणारा आणि आपापला. खोलीला कुणी मान देत नाही आणि खोली कुणाला देत नाही, तेव्हा तिथे पहिले दोन बसणारच नाहीत. आणि ‘रिस्पेक्टेबल गेस्ट्स’मध्ये एक बारीक काटा आहे. आमचे पाहुणे बरं का, इज्जतदार आहेत, असं मुद्दाम सांगितलं की वाचणाऱ्याला वाटतं, मग बाकीच्यांचं काय? पाहुण्यांना ‘व्हॅल्यूड गेस्ट्स’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘गेस्ट्स’.

अशा कितीतरी जोड्या मराठीने आपल्यासाठी आधीच सोडवून ठेवल्या आहेत. ‘इमॅजिनरी’ काल्पनिक आणि ‘इमॅजिनेटिव्ह’ कल्पक. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट, नव्या ढंगाने बांधणारा मुलगा कल्पक असतो, त्याला काल्पनिक म्हटलं तर तो अस्तित्वातच नाही असं होईल. ‘ह्यूमन’ मानवी, ‘ह्यूमेन’ माणुसकीचा. ‘इंडस्ट्रियल’ औद्योगिक, म्हणून वेर्ण्याची ती वसाहत ‘इंडस्ट्रियल इस्टेट’, आणि तिथे पाळी संपवून घरी येऊन परत कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, राबणारा माणूस ‘इंडस्ट्रिअस’. इथे मराठीतला ‘उद्योगी’ वापरू नका, कारण आपल्याकडे ‘भारी उद्योगी आहे हो तुमचा मुलगा’ ही तक्रार असते. ‘कष्टाळू’ धरा. ‘पॉप्युलर’ लोकप्रिय, ‘पॉप्युलस’ दाट वस्तीचा किंवा मोठ्या लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. म्हणजे गोवा ‘पॉप्युलर’ आहे, ‘पॉप्युलस’ राज्यांत त्याची गणना होत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुटला उभं राहिलं तर हे पटणार नाही, ते सोडा.

‘अल्टरनेट’ आणि ‘अल्टरनेटिव्ह’ही याच घरातले. पहिला ‘एकाआड एक’, दुसरा ‘पर्यायी’. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजीत यायला बेतीची फेरीबोट हा ‘अल्टरनेटिव्ह रूट’ झाला. तिथे ‘अल्टरनेट’ म्हटलं असतं तर ब्रिटिश इंग्रजीच्या कानाला वाटलं असतं, एक दिवस पूल आणि एक दिवस बोट. अमेरिकेत मात्र पर्यायी या अर्थीही ‘अल्टरनेट’ सर्रास चालतं, म्हणून अमेरिकन पाहुण्याने तसं लिहिलं तर त्याला सुधारायला जाऊ नका.

यात एक प्रकार असा आहे की तिथे मी जरा थांबणार आहे, कारण नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त मुलं तिथेच पडतात. फोंड्याला मी संध्याकाळी शिकवणी घेते. मुलाखतीचा सराव चालू असतो. छान इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि मुलगा ठामपणे सांगतो, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब.’ म्हणजे मी फार मजेदार माणूस आहे. त्याला म्हणायचं असतं ‘इंटरेस्टेड’, मला रस आहे. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’, ‘टायर्ड’ आणि ‘टायरिंग’, ‘कन्फ्यूज्ड’ आणि ‘कन्फ्यूजिंग’ ही सगळी एकाच माळेतली. मी त्याला सांगते, बाबा, इंग्रजी बाजूला ठेव, मराठीत सांग. देवस्थानाच्या महाजनांची सभा तीन तास चालली. सभा कशी होती? कंटाळवाणी. तू कसा झालास? कंटाळलेला. सभा ‘बोअरिंग’, तू ‘बोअर्ड’. शब्दाच्या शेवटी ‘-ड’ आला की तो आपला ‘-लेला’: दमलेला, गोंधळलेला, घाबरलेला. शेवटी ‘-इंग’ आला की तो ‘-णारा’ किंवा ‘-वाणा’: दमवणारा, गोंधळात टाकणारा, घाबरवणारा. ज्याच्यावर परिणाम झाला तो ‘-लेला’, ज्याने केला तो ‘-णारा’. माणूसही ‘बोअरिंग’ असू शकतो हे सांगितलं की वर्गातल्या अर्ध्या माना माझ्याकडे वळतात.

अजून एक जोडी तुमच्या कामाची, आणि ती एका अक्षरावर फिरते. ‘फ्यू’ म्हणजे थोडेच. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी. ‘वी हॅव फ्यू रूम्स लेफ्ट’ असं लिहिलं की पाहुण्याला कळतं, खोल्या जवळजवळ संपल्या, घाई करायला हवी. ‘वी हॅव अ फ्यू रूम्स लेफ्ट’ म्हणजे आहेत हो अजून काही, या. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तेच. त्या बारक्या ‘अ’ने हॉटेल भरलेलं की रिकामं हे ठरतं. मराठीत आपण ‘च’ आणि ‘तरी’ने नेमकं हेच करतो, म्हणून ही जोडी समजावायला मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत.

आता अवघड बाजू: मराठीत एकच शब्द, इंग्रजीत दोन किंवा पाच.

‘विषारी’ घ्या. मृगाचा पाऊस पडून गेला की अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेली अळमी, म्हणजे रानातली अळंबी, विकायला येतात. रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवलेली, मातीचा वास असलेली. आमच्या घरी आई ती निवडताना प्रत्येक अळमं उलटं करून बघायची, कारण त्यात एखादं विषारी निघालं तर घर आडवं होईल. आणि अळमी काढायला रानात जायचं तर पायाखाली काय आहे ते बघून जायचं, कारण फुरसंही विषारी. मराठीत अळमंही विषारी, फुरसंही विषारी. इंग्रजीत अळमं ‘पॉयझनस’ आणि फुरसं ‘व्हेनमस’. आपण त्याला खाल्ल्यामुळे मेलो तर तो ‘पॉयझनस’. त्याने आपल्याला चावल्यामुळे किंवा डंख मारल्यामुळे मेलो तर तो ‘व्हेनमस’. रोजच्या बोलण्यात इंग्रजही सापाला ‘पॉयझनस’ म्हणून जातात, पण छापील मजकुरात, निदान अभयारण्याच्या फलकावर तरी, फरक पाळावा.

अळम्यांवरूनच ‘एडिबल’ आणि ‘ईटेबल’ही सांगून टाकते. ‘एडिबल’ म्हणजे खाऊन अपाय न होणारं. ‘ईटेबल’ म्हणजे खाववणारं, घशाखाली उतरणारं. चांगली अळमी ‘एडिबल’ असतात आणि काळ्या वाटाण्याच्या तोणाकाइतकी ‘ईटेबल’ही. मी जिथे पहिली नोकरी केली तिथल्या कॅन्टीनची चपाती नुसती ‘एडिबल’ होती. ‘लेजिबल’ आणि ‘रीडेबल’ ही जोडी अगदी याच साच्याची: अक्षर लागतं ते ‘लेजिबल’, वाचावंसं वाटतं ते ‘रीडेबल’, म्हणजे आपलं ‘वाचनीय’. जुनी मोडी कागदपत्रं चाळताना पहिल्याच्या नावाने बोटं मोडायची वेळ येते, दुसऱ्यापर्यंत पोचायलाच मिळत नाही.

‘ऐतिहासिक’ हा शब्द तर माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी येतो. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहास घडवणारा, ज्याची इतिहासात नोंद व्हावी असा. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित, भूतकाळातला. १९ डिसेंबर १९६१ हा गोव्याच्या मुक्तीचा दिवस ‘हिस्टॉरिक’. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ‘हिस्टॉरिक’. आमच्या घरात त्या निकालावर आजही दोन मतं आहेत, पण तो ‘हिस्टॉरिक’ होता यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. ३० मे १९८७ ला मिळालेला राज्याचा दर्जाही ‘हिस्टॉरिक’. पण या सगळ्याचे कागद जिथे जपून ठेवतात ती १५९५ पासूनची परंपरा असलेली पणजीची दप्तरशाळा ‘हिस्टॉरिकल आर्काइव्ज’ म्हणूनच ओळखली गेली. तिथला एखादा कागद म्हणजे सोळाव्या शतकातल्या तांदळाच्या हिशोबाचा तुकडा असेल. त्याने काही इतिहास घडला नाही, पण तो ‘हिस्टॉरिकल डॉक्युमेंट’ आहेच. कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, नाटक ‘हिस्टॉरिकल’, संशोधन ‘हिस्टॉरिकल’. निर्णय, विजय, भेट, दिवस ‘हिस्टॉरिक’. जुन्या गोव्याची चर्चेस दोन्ही कसोट्यांना उतरतात, पण वास्तूचं महत्त्व सांगायचं असतं तेव्हा ‘हिस्टॉरिक’. बघा, मी इथे व्याख्या एकदाच दिली आणि विशेष्यं सात-आठ दिली. तुमच्याही लक्षात व्याख्या राहणार नाही, ‘हिस्टॉरिक डे’ आणि ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’ राहतील. तेवढं पुरतं.

‘शास्त्रीय’ने तर एका विद्यार्थ्याची चांगलीच फजिती केली होती. गावच्या जत्रेतल्या मैफलीचं निमंत्रण इंग्रजीत करायचं होतं. त्याने ‘शास्त्रीय संगीत’चं केलं ‘सायंटिफिक म्युझिक’. चूक त्याची नव्हे, शब्दाची. ‘सूर्यग्रहणाचं शास्त्रीय कारण’ म्हणताना शास्त्रीय म्हणजे ‘सायंटिफिक’, आणि गाण्याबरोबर आलं की ‘क्लासिकल’. मग त्याने विचारलं, ‘क्लासिक म्युझिक’ का नाही? ‘क्लासिकल’ हा घराण्याचा, परंपरेचा शिक्का आहे. गाणं चांगलं असो की वाईट, ते त्या परंपरेतलं असलं की ‘क्लासिकल’. ‘क्लासिक’ हा गुणवत्तेचा शिक्का आहे: आपल्या प्रकारातलं उत्तम, काळाला पुरून उरलेलं. त्याला मी केरीच्या केसरबाईंचं उदाहरण दिलं. केसरबाई केरकर ‘क्लासिकल सिंगर’. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर त्यांची भैरवी आहे. ते ध्वनिमुद्रण ‘क्लासिक’. चित्रपटगीतही ‘क्लासिक’ असू शकतं, क्रिकेटचा सामना ‘क्लासिक’ असू शकतो. आणि चार वर्षं क्लास लावून अजून यमन बेसूर गाणारी माझी भाची ‘क्लासिकल’ गाते, ‘क्लासिक’ मुळीच गात नाही.

‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ मराठीत ‘सतत’ किंवा ‘सारखा’ या एका पिशवीत जातात. फोनही सारखा वाजतो आणि समईही सारखी तेवते. पण वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहाला गेलात तर दोन्ही एकाच जागी दिसतात. नारळ ठेवला की दुसऱ्या दिवसापर्यंत, चोवीस तास, भजन खंडत नाही. गाणारे बदलतात, झोप डोळ्यांवर येते, पण आवाज तुटत नाही. हे ‘कंटिन्युअस’, म्हणजे ‘अखंड’. दर्शनाला येणाऱ्यांच्या झुंडी मात्र येतात, ओसरतात, परत येतात. हे ‘कंटिन्युअल’, म्हणजे ‘वारंवार’. मध्ये फट असेल तर ‘कंटिन्युअल’. तुमच्या हॉटेलात वीज वारंवार जात असेल तर पाहुणा ‘कंटिन्युअल पॉवर कट्स’ची तक्रार करील. त्याने ‘कंटिन्युअस पॉवर कट’ लिहिलं असेल तर जनरेटरवाल्याला आधी फोन करा.

आणि ‘कडक’! या एका शब्दावर मी पूर्ण तास घेते. फळ्यावर पाच ओळी लिहिते: कडक चहा, कडक मास्तर, कडक ऊन, कडक लाडू, कडक कांजी. मुलांना म्हणते, करा इंग्रजी. पहिल्या फटक्यात सगळीकडे ‘हार्ड’ किंवा ‘स्ट्राँग’. ‘स्ट्राँग’ चहा बरोबर. मास्तर ‘स्ट्राँग’ म्हटला तर तो व्यायामशाळेतला झाला, कडक मास्तर ‘स्ट्रिक्ट’. ऊन ‘हार्श’, लाडू ‘हार्ड’, कांजी केलेली कॉलर ‘स्टिफ’. मग कुणीतरी विचारतंच, आणि सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेली काकणं, ते बांगडीसारखे पाव? ती कडक नव्हे, कुरकुरीत, म्हणून ‘क्रिस्प’. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत डब्याबाहेर राहिलेला पाव ‘हार्ड’. इथे कुठलाही नियम शोधू नका, नियम नाहीच. ‘स्ट्राँग टी’ हा एकच शब्द समजून तोंडात बसवायचा, जसा ‘मुसळधार पाऊस’ आपण एकच शब्द समजून बोलतो. मुसळधार वारा म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते कुणी विचारतही नाही. तोच पाऊस इंग्रजीत ‘हेवी रेन’, वारा ‘स्ट्राँग विंड’. उलटापालट केलीत तर समजेल, पण कानाला खटकेल.

उलटाही प्रकार असतो: मराठीत दोन आणि इंग्रजीत एक. माझा मावसभाऊ कांदोळीच्या एका रेस्टॉरंटात वेटर होता. एका बाईंनी मेनूवर बोट ठेवून विचारलं, ‘इज द शागुती हॉट?’ हा आत गेला, टोपाला हात लावून आला आणि म्हणाला, ‘व्हेरी हॉट, मॅडम.’ बाईंनी मान हलवली, नको. याला वाटलं, उकाडा आहे म्हणून नको असेल. म्हणाला, ‘नो प्रॉब्लेम मॅडम, फाइव्ह मिनिट्स, आय विल मेक इट कोल्ड.’ इंग्रजीत ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही, आणि जेवणाच्या टेबलावर विचारलेला ‘हॉट’ बहुधा तिखटच असतो. ‘स्पायसी’ नीट पाहिलं तर मसालेदार. लवंग-दालचिनीचा पुलाव ‘स्पायसी’ असतो आणि जिभेला चटका लागत नाही. पण लोक तिखटालाही ‘स्पायसी’ म्हणतात, त्यामुळे विचारणाऱ्याला मिरची किती आहे ते सरळ सांगावं. खोलची मिरची घातली असेल तर आधीच सांगावं.

काही विशेषणं जागेप्रमाणे रंग बदलतात. ‘द मॅनेजर इज लेट’ म्हणजे मॅनेजरला उशीर झालाय. ‘द लेट मॅनेजर’ म्हणजे कैलासवासी मॅनेजर. वस्तूला हा धोका नाही, ‘लेट चेकआउट’ हा उशिराचाच. माणसाच्या नावाआधी ‘लेट’ लावताना मात्र फोटोला हार आहे का बघून घ्या. ‘अलोन’, ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अफ्रेड’ ही मंडळी नामाच्या आधी बसतच नाहीत. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ चालतं, ‘अस्लीप चाइल्ड’ चालत नाही, तिथे ‘स्लीपिंग’. एकाकी किनाऱ्याला ‘लोनली बीच’, ‘अलोन बीच’ नव्हे.

‘लास्ट’ आणि ‘लेटेस्ट’चा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलाय. एका साहित्य कार्यक्रमात सूत्रसंचालकाने व्यासपीठावर बसलेल्या ज्येष्ठ कवींची इंग्रजीत ओळख करून दिली, आणि नुकत्याच निघालेल्या संग्रहाला ‘हिज लास्ट बुक’ म्हणाला. कवींनी माइक घेतला आणि म्हणाले, ‘पुढचाही लिहायचा विचार होता, पण आता तुम्ही म्हणताच आहात तर...’ ‘लेटेस्ट’ म्हणजे आत्तापर्यंतचं शेवटचं, ताजं. ‘लास्ट’मध्ये यापुढे नाही असा वास येतो.

मग नकाराचे भास. ‘इनव्हॅल्युएबल’ बघून मुलांना वाटतं, किंमत नसलेला. आता ‘अमूल्य’ बघा. अ आणि मूल्य. फोड करून पाहिलं तर अर्थ तोच निघायला हवा होता. पण अमूल्य म्हणजे किंमत करता येणार नाही इतका मोलाचा, आणि मूल्यहीन म्हणजे फुकाचा. मराठीत आपण इथे कधीच फसत नाही, तर इंग्रजीत का फसावं? ‘इनव्हॅल्युएबल’ अमूल्य, ‘वर्थलेस’ मूल्यहीन. ‘इनफ्लेमेबल’ याहून धोक्याचा. हायवेवर गॅसच्या टँकरमागे ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ भडकन पेटणारं. ‘फ्लेमेबल’चाही अर्थ तोच. इथला ‘इन’ नकाराचा नाहीच, पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा तो भाग आहे. न पेटणारं हवं असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला नव्हे, तर स्वतःचा स्वार्थ नसलेला, त्रयस्थ. जमिनीच्या भांडणात पंच ‘डिसइंटरेस्टेड’ हवा, ‘अनइंटरेस्टेड’ असेल तर तो पेंगेल.

गोव्यात एक आणखी खड्डा आहे, जुन्या पिढीचा. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते, शिक्षण सगळं पोर्तुगीजमध्ये. सर्दी झाली की नव्या डॉक्टरला इंग्रजीत सांगायचे, ‘आय ॲम कॉन्स्टिपेटेड.’ पोर्तुगीजमध्ये ‘कोंश्तिपादु’ म्हणजे सर्दी झालेला. डॉक्टरने एकदा रेचक लिहून दिलं. तसंच पोर्तुगीजच्या सवयीने हळव्या माणसाला ‘सेन्सिबल’ म्हणणं. इंग्रजीत ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, हळवा तो ‘सेन्सिटिव्ह’. तुमच्या वयाच्या मुलांना हा खड्डा नाही, पण पोर्तुगालचे पाहुणे येतात तेव्हा त्यांचं इंग्रजी ऐकताना हे ध्यानात असू द्या.

‘इलेक्ट्रिक’ आणि ‘इलेक्ट्रिकल’सारख्या काही जोड्यांत फार डोकं घालू नका. प्रत्यक्ष विजेवर चालणारी एखादी वस्तू बहुधा ‘इलेक्ट्रिक’: ‘इलेक्ट्रिक स्कूटर’, ‘इलेक्ट्रिक केटल’. विषय, धंदा, मालाचा प्रकार ‘इलेक्ट्रिकल’: ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर’, ‘इलेक्ट्रिकल गुड्स’. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. ‘इकॉनॉमिक’ आर्थिक आणि ‘इकॉनॉमिकल’ काटकसरी, ही मराठीने सोडवलेलीच आहे.

आता सवयीचं. एक छोटी वही करा, फोनमध्ये नको, कागदाची. यादी लिहायची नाही. ज्या दिवशी चुकाल किंवा अडाल, त्या दिवशी तेवढंच एक विशेषण, त्याच्या विशेष्यासकट, तुमच्या कामातल्या वाक्यात लिहा. जोडीतला दुसरा शब्द त्या पानावर लिहूच नका. त्याचं पान तो चुकेल त्या दिवशी. आज पहिल्या पानावर ‘रिस्पेक्टफुल’ घ्या आणि लिहा, ‘द स्टाफ वॉज रिस्पेक्टफुल.’ तुमच्या मॅनेजरला तसं वागता आलं नाही, पण वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे.

आणि त्या मेलमधली ओळ एवढीच ठेवा: ‘अवर गेस्ट्स विल बी शोन टू देअर रूम्स.’ ‘रिस्पेक्टिव्ह’ घालायचा मोह होईल, कारण बरोबर शब्द आता सापडलाय. पण तिथे त्याची गरजच नाही. जो तो आपल्याच खोलीत जाणार, दुसऱ्याच्या खोलीत गेला तर वेगळा मेल लिहावा लागेल.